पहिली भिंत रंगवताना: सार्वजनिक भिंतीवर सामाजिक संदेश कसा काढावा

नवी मुंबईत रंगवलेल्या भिंतींची वानवा नाही. स्वच्छ सर्वेक्षणात शहर २०२० आणि २०२३ साली देशात तिसरं आलं. त्या चढाओढीत उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग, शाळांच्या कुंपणभिंती, नाल्यांचे कठडे असं जे जे मोकळं दिसलं ते रंगून निघालं. शहर देखणं झालं, यात वाद नाही. पण रोजच्या वाटेवरच्या एखाद्या भिंतीवर नेमकं काय लिहिलंय ते आठवून बघा. दोन तळहातांत धरलेली पृथ्वी, नळातून पडणारा थेंब, ‘झाडे लावा, झाडे जगवा’. त्या संदेशाशी कोणाचंच भांडण नसतं, म्हणून त्याच्यापुढे कोणी थांबतही नाही.

ज्यांना पहिल्यांदाच भिंत रंगवायची आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. महाविद्यालयातला एनएसएसचा गट असेल, सोसायटीतली मंडळी असतील, बचत गट असेल. गटात चित्र काढता येणारं एक माणूस असलं तरी पुरतं. बाकीचं काम घासणं, रेघा मारणं, रंग भरणं आणि येणाजाणाऱ्यांशी बोलणं हेच असतं.

आधी भिंत, मग विषय

बहुतेक गट ‘पर्यावरण’ किंवा ‘स्त्रीसुरक्षा’ असा विषय ठरवतात आणि मग त्याला भिंत शोधतात. तुम्ही उलटं करा. दोन-तीन भिंती हेरा आणि सकाळी कामाच्या वेळी, दुपारी आणि दिवेलागणीला त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा. कोण जातं? चालत की गाडीवरून? त्या जागी किती वेळ थांबतं? तिथे आत्ता काय अडचण आहे: कचरा, अंधार, पिंका, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या?

पाम बीच रोडच्या कडेला भिंत मिळाली तर खुश होऊ नका. तिथे बघणारा गाडीत असतो आणि त्याच्याकडे फार तर दोन-तीन सेकंद असतात. एक मोठी आकृती आणि तीन शब्द, यापेक्षा जास्त काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. याउलट नेरुळ किंवा कोपरखैरणे स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेसमोरची आठ फुटांची भिंत हे घबाड आहे. लोक पाच-दहा मिनिटं उभे असतात, रोज तेच लोक असतात आणि मोबाइल बघून कंटाळलेले असतात. तिथे बारीक तपशील, छोटी गोष्ट, अगदी चार ओळींचा मजकूरही चालतो.

अक्षरांच्या उंचीसाठी पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला किमान एक इंच उंची. वीस फुटांवरून वाचायचं असेल तर दोन इंच. मी देवनागरीसाठी यात थोडी भरच घालायला सांगेन, कारण उकार आणि रफार लांबून गिचमिड होतात. ‘दुर्गंधी’ हा शब्द छोट्या अक्षरात लिहून रस्त्यापलीकडून बघा, मग पटेल.

संदेश: इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा

महाराष्ट्रात भिंतीवरून निरोप देण्याची रीत जुनी आहे. १९७० च्या दशकात गावोगावच्या भिंतींवर एक वाक्य होतं: ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’. चित्र नाही, रंगसंगती नाही, ठसठशीत अक्षरं फक्त. तरी आज साठी-सत्तरीतल्या माणसाला विचारा, त्याला ते पाठ असतं. त्या वाक्यात काय करायचं ते आहे आणि केल्यावर काय मिळेल तेही आहे. ‘देवीचे निर्मूलन ही काळाची गरज’ असं लिहिलं असतं तर ते कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

तुमच्या वाक्याला पहिली कसोटी हीच लावा. भिंतीसमोरच्या माणसाला ते वाचून पुढच्या पाच मिनिटांत काही करता येईल का, किंवा निदान काही दिसेल का जे आधी दिसत नव्हतं? ‘पर्यावरण वाचवा’ वाचून माणसाने नक्की कोणत्या दिशेने पाऊल टाकायचं?

दुसरी कसोटी जागेची. हार्बर लाइनवर वडाळ्याला २०१० च्या सुमारास रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी करण्यासाठी एक प्रयोग झाला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. माणसाला येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांनी नीट जोखता येत नाही. पण पिवळे पट्टे गाडीखाली किती झपाट्याने दिसेनासे होतात त्यावरून अंदाज येतो. शिवाय लोक जिथून ओलांडायचे तिथेच, गाडीखाली येण्याच्या बेतात असलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. तिथले मृत्यू लक्षणीय घटले. ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ ही पाटी तर आधीपासून होतीच. रंग धोक्याच्या जागी आणि धोक्याच्या क्षणी डोळ्यांसमोर आला म्हणून काम झालं.

बेंगळुरूचे कलाकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ साली हेच हसवून केलं. रस्त्यावर पाण्याने भरलेला प्रचंड खड्डा होता, त्यात त्यांनी खरा वाटावा असा मगरीचा पुतळा आणून सोडला आणि भोवती पाणी हिरवं रंगवलं. निषेधाचा एक शब्द लिहावा लागला नाही.

आता हे आपल्याकडे आणू. नेरुळला खाडीच्या बाजूने राहत असाल तर सोपं उदाहरण हाताशी आहे. नवी मुंबईत मलनिःसारणाची वाहिनी वेगळी आणि पावसाळी गटारं वेगळी. पावसाळी गटारात पडलेली गुटख्याची पुडी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही. ती नाल्यातून धारण तलावात, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तलावात, आणि तिथून ठाणे खाडीत जाते. सारसोळे किंवा दिवाळ्याच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येतं ते या वाटेने. हे शहरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. ‘गटार’ म्हटलं की पुढे कुठेतरी कोणीतरी साफ करत असेल, असाच समज.

मग भिंत कोणती? गटाराच्या तोंडाजवळची, टपरीच्या बाजूची. वाक्य: ‘गटारात टाकलं, खाडीत पोचलं’. आणि चित्रात? इथे सगळे फ्लेमिंगो काढतील. फ्लेमिंगोंशी माझं वाकडं नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली, ती अभिमानाचीच गोष्ट. पण शहरात इतके गुलाबी पक्षी रंगवून झालेत की डोळा त्यांच्यावरून घसरतो. त्याऐवजी निवटी काढा, जिताडा काढा, चिंबोरी काढा. चिंबोरीच्या नांगीत चिप्सचं पाकीट द्या. जेवणाच्या ताटाशी नातं जोडलं की माणूस थांबतो. हे कोळीवाड्यात जाऊन दोन म्हाताऱ्यांशी बोलल्याशिवाय काढू नका. पूर्वी काय मिळायचं, आता जाळ्यात काय येतं, हे ते तुमच्यापेक्षा नेमकं सांगतात, आणि चिंबोरीचे पाय किती हेही.

गटाराच्या झाकणाशेजारी फुटभर जागेत हेच वाक्य स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्याने, उमटवता येतं. अख्ख्या सेक्टरमध्ये अशी पन्नास छोटी चित्रं, ही एका मोठ्या भिंतीपेक्षा मला जास्त कामाची वाटतात.

संदेशाबद्दल आणखी काही इशारे.

भीती घालू नका. कोपऱ्यात लोक लघवी करतात म्हणून देवांच्या फरशा लावायची पद्धत सगळ्यांनी पाहिली आहे. त्याने फार तर माणूस दहा फूट पुढे जाऊन उभा राहतो. जवळचं सार्वजनिक शौचालय कुठे आहे ते बाण काढून दाखवलं, तर निदान काही उपयोग. आणि जवळ शौचालयच नसेल, तर त्या भिंतीचा खरा विषय ‘इथे शौचालय हवं’ हा आहे.

स्त्रीसुरक्षेच्या भिंतींवर बाईला रडताना, तोंड झाकून बसलेली काढण्याची खोड सुटायला हवी. संध्याकाळी त्याच भुयारी मार्गाने एकटी जाणारी मुलगी ते चित्र बघते, तिला काय वाटेल? त्या भिंतीचा बोलण्याचा रोख तिच्याकडे नसून घोळक्याने उभ्या असलेल्या पोरांकडे असायला हवा. हेल्पलाइनचा नंबर द्यायचा तर तो आधी स्वतः लावून बघा. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. नंबर चित्राच्या कोपऱ्यात लपवू नका, फोटो न काढता लक्षात राहील एवढा मोठा लिहा.

आणि वारली. ठाणे-नवी मुंबईत काही सुचलं नाही की गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसं काढायची, असा प्रघात पडला आहे. ही कला वारली समाजाची आहे. लग्नात भिंतीवरचं चौकाचं चित्र तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहितात, त्याला विधीचा अर्थ आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबं आजही राहतात. वारली शैली हवीच असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, विषय त्याच्याशी बोलून ठरवा आणि मानधन द्या. बिबट्या, जंगल, पाड्यातलं पाणी असे विषय असतील तर यापरता चांगला माणूस मिळणार नाही. नुसती सजावट म्हणून त्रिकोण काढणार असाल तर सोडून द्या.

भिंत कोणाची, परवानगी कोणाची

रिकामी दिसली म्हणून भिंत मोकळी नसते. मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा लेखी परवानगीशिवाय लिहिण्या-रंगवण्याला लागू होतो, तुमचा हेतू कितीही चांगला असो.

नवी मुंबईत मालक ओळखणं हीच निम्मी लढाई. महापालिका, सिडको, एमआयडीसी, रेल्वे, सार्वजनिक बांधकाम विभाग, महावितरण अशा सगळ्यांच्या भिंती एकमेकींना खेटून उभ्या असतात. नवी मुंबईतली स्टेशनं सिडकोच्या सहभागातून उभी राहिली, त्यामुळे स्टेशन परिसरात रेल्वे की सिडको हे आधी विचारावं लागतं. सुरुवात विभाग कार्यालयातून करा. दिघा ते बेलापूर अशी आठ विभाग कार्यालयं आहेत, त्यातल्या तुमच्या कार्यालयात सहाय्यक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या. ठाण्यात हेच काम प्रभाग समितीच्या कार्यालयात होतं. भिंत पालिकेची नसली तर ती कोणाची हे तिथेच कळतं.

अर्ज एका पानाचा ठेवा. जागेचा फोटो, लांबी-रुंदी, चित्राचा रंगीत कच्चा आराखडा, मजकूर जसाच्या तसा, कामाच्या तारखा, जबाबदार व्यक्तीचा फोन. पोचपावतीचा शिक्का घ्या. मंजुरीचं पत्र आलं की प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि एक प्रत कामाच्या दिवशी खिशात ठेवा. सोसायटीची भिंत असेल तर कमिटीचा ठराव लेखी घ्या. सेक्रेटरींनी जिन्यात मान डोलावली, एवढं पुरत नाही.

खालच्या कोपऱ्यात ‘सौजन्य’ म्हणून कोणा पुढाऱ्याचं नाव टाकायचा आग्रह होईल. नम्रपणे टाळा. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेत ते नाव झाकलं जातं आणि झाकणारा माणूस ब्रश फिरवताना तुमच्या चिंबोरीची गय करत नाही.

काळ्या दगडाच्या जुन्या भिंती, किल्ल्याचे अवशेष आणि झाडांची खोडं यांना हात लावू नका.

भिंतीची तयारी

नवशिक्यांचं चित्र फसतं ते चित्रकलेमुळे क्वचित, ओलीमुळे हमखास. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस. जून ते सप्टेंबर काम काढूच नका. ऑक्टोबरातही दोन-तीन आठवडे कोरडं ऊन पडू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या भिंतीवर रंग इतक्या झटकन वाळतो की ब्रशचे पट्टे दिसतात, म्हणून तेव्हा सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच काम करा.

ओल तपासायला फुटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक दिवस ठेवा. आतून पाणी जमलं तर भिंत ओली आहे. पाणी मागून येत असेल, उदाहरणार्थ मागे मातीचा भराव किंवा गळकी पाइपलाइन असेल, तर ती भिंत सोडा. वरून कितीही भारी रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरणारच. नवं सिमेंट प्लास्टर असेल तर किमान चार आठवडे थांबा.

मग तारेचा ब्रश आणि पत्रा घेऊन जुने पापुद्रे खरवडा. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार, आला असेल तर कोरडाच झाडून काढा, मग पुसा. शेवाळं असेल तर ब्लीचिंगच्या पाण्याने घासा, धुवा, दोन दिवस वाळू द्या. मोठ्या भेगा सिमेंटने भरा, बारीक खड्ड्यांना बाहेरच्या कामाची लांबी (पुट्टी) लावा आणि पॉलिश पेपर मारा. भिंत आरशासारखी गुळगुळीत करायच्या नादी लागू नका, खरखरीत भिंतीला रंग जास्त घट्ट धरतो.

त्यावर अस्तर, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, एक हात. रात्रभर वाळू द्या. रंग एक्स्टीरियर इमल्शनच घ्या. डिस्टेंपर स्वस्त असतो आणि पहिल्याच पावसात ओघळतो. अस्तर मारलेल्या भिंतीवर एक लिटरमध्ये साधारण पन्नास-साठ चौरस फूट दोन हातांनी होतात, खरखरीत भिंतीवर कमी. वीस बाय आठ फुटांच्या भिंतीच्या पार्श्वभूमीला तीन लिटर लागतील असं धरा. बाकी छटांसाठी पांढऱ्याचे डबे घेऊन त्यात स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, मिसळा. पिवळा आणि लाल पट्कन फिके पडतात, निळा, काळा आणि गेरू टिकतात. अक्षरं पिवळ्यात नकोत.

तळाचे दीड-दोन फूट गडद गेरू किंवा काळपट पट्टा ठेवा. तिथे चिखल उडणार, पिंका पडणार, कुत्री पाय वर करणार. महापुरुषाचा चेहरा, तिरंगा, देव यातलं काहीही त्या उंचीवर आणू नका. तुमच्या मनात अनादर नसला तरी त्या भिंतीवरून भांडण पेटू शकतं.

आराखडा भिंतीवर चढवणे

कागदावर चौकटी आखा, भिंतीवर त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी आखा. सरळ रेघांसाठी निळीत बुडवलेली सुतळी दोघांनी ताणून सूत मारा. पट्टी घेऊन बसण्यापेक्षा दसपट लवकर होतं. मग चौकटीत जे आहे तेच त्या चौकटीत खडूने उतरवा. आकृती झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा. जवळून नाक बरोबर वाटतं आणि लांबून माणूस तिरळा दिसतो, हे ठरलेलं.

चित्र काढणारं कोणीच नसेल तर स्टेन्सिल. जुन्या एक्स-रे फिल्मवर धारदार ब्लेडने आकार कापायचा, भिंतीला चिकटवायचा आणि जवळजवळ कोरड्या स्पंजने रंग ठोकायचा. ओला रंग कडेने आत झिरपतो. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या ‘मिसिंग’ या उपक्रमात मुलींच्या तस्करीविरुद्ध एका मुलीची काळी सावली भिंतींवर उमटवली जाते. एकच आकार, एकच रंग, त्यामुळे ज्याने कधी ब्रश धरला नाही तोही ते काम करू शकतो. मुलीच्या जागी भिंतीत भोक पडल्यासारखं दिसतं ते, आणि संदेश तोच आहे.

अक्षरांसाठी शक्य असेल तर जुन्या पाटीवाल्या पेंटरला एक दिवसाचं काम द्या. फ्लेक्स आल्यापासून ही मंडळी मागे पडली, पण शिरोरेघ पट्टीशिवाय सरळ ओढणारा हात अजून आहे. त्यांच्याकडे बघत बसलात तरी खूप शिकाल. मजकूर रंगवण्याआधी गटाबाहेरच्या दोघांकडून शुद्धलेखन तपासून घ्या. भिंतीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सगळ्या गावाला दिसतो.

कामाचे दिवस

वरून खाली रंगवा. आधी मोठे पृष्ठभाग, मग आकृत्या, शेवटी अक्षरं आणि काळ्या कडा. दहा फुटांच्या वर जायचं असेल तर बांबूची परांची बांधणाऱ्यांकडून बांधून घ्या, दोन टेबलांवर खुर्ची हा प्रकार नको. रस्त्याच्या कडेला असाल तर शंकू किंवा निदान लाल कापड लावा, लहान मुलांना भिंतीच्या बाजूला ठेवा. जवळ शौचालय कुठे आहे हे गटातल्या मुलींसाठी आधीच बघून ठेवा. ब्रश धुतलेलं पाणी गटारात ओतू नका. ‘गटारात टाकलं, खाडीत पोचलं’ लिहिणाऱ्यांनी ते करताना कोणी फोटो काढला तर काय उत्तर द्याल?

लोक थांबतील. ‘कुठली संस्था?’, ‘किती पैसे मिळतात?’, आणि एक काका हमखास सांगतील, ‘महाराजांचं काढा की मोठं.’ गटातलं बोलकं माणूस त्यासाठी मोकळं ठेवा. टपरीवाला, रिक्षावाले, समोरच्या इमारतीचा वॉचमन यांच्या हातात दहा मिनिटं का होईना ब्रश द्या. पुढे त्या भिंतीवर पोस्टर चिकटवायला आलेल्या माणसाला हटकणारे तेच असतात, आणि त्यांना ‘ही आमची भिंत’ असं वाटलेलं असेल तरच हटकतात.

रंग वाळल्यावर

पंधरा दिवसांनी तिथे जा आणि लांबून बघा. कोणी वाचतंय का? टपरीवाल्याला विचारा, पुड्या कमी पडतात का. ‘नाही’ असं उत्तर आलं तर भिंतीशेजारी कचऱ्याचा डबा आहे का ते बघा. नसेल तर विभाग कार्यालयात पुढचा अर्ज डब्यासाठी करा, सोबत भिंतीचा फोटो जोडा. रंगवलेली भिंत सोबत असली की त्या अर्जाला वजन येतं, हा तिचा फारसा न सांगितला जाणारा फायदा.

प्रत्येक छटेचा पावशेर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर छटा आणि तारीख लिहा. पिंक पडली, कोणी नाव कोरलं, तर आठवड्याच्या आत डागडुजी करा. एक डाग राहिला की त्याच्या शेजारी दुसरा पडतो. पावसाळ्यानंतर दरवर्षी एकदा तळाचा पट्टा नव्याने मारा. इमल्शन साधारण तीन-चार पावसाळे तग धरतं. त्यानंतर चित्र उडालं असेल, किंवा तिथे डबा आला, दिवे लागले, गटारावर जाळी बसली आणि विषयच उरला नसेल, तर विभाग कार्यालयाला कळवून सरळ अस्तर मारा आणि नव्या विषयासाठी पुन्हा सकाळ-दुपार-संध्याकाळ तिथे उभे राहा.